माळावरचं संशोधन गावापर्यंत न्यायचं कसं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही सोलापूरकडच्या एका गायरानावर तीन पावसाळे गवत परत आणण्याचे प्रयोग केलेत. आकडे चांगले आलेत. गावात सभा घेऊन प्रोजेक्टरवर सगळं दाखवलंत, तर वीस-बावीस माणसं आली, अर्ध्या तासात निम्मी उठून गेली आणि शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, “हे सगळं ठीक आहे, पण झाडं कधी लावणार?” आता तुम्ही विचारताय की हे संशोधन सोप्या मराठीत कसं मांडायचं.

मी एकोणीस वर्षं माळरानांवर काम करते आहे, त्यातली बरीचशी वर्षं गावकरी आणि मेंढपाळांबरोबर. माझं प्रामाणिक मत असं की तुमची अडचण भाषेची नाही. त्या गृहस्थांनी तुमची अडचण एका वाक्यात सांगितली आहे. गावाच्या लेखी तो माळ म्हणजे झाडं नसलेली रिकामी जागा आहे आणि रिकाम्या जागेवर गवत वाढलं ही काही बातमी नव्हे. तुम्ही जे उत्तर घेऊन गेलात त्याचा प्रश्न गावाने कधी विचारलाच नव्हता. म्हणून माणसं उठून गेली. त्यांना कळलं नाही म्हणून गेली असं समजू नका.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट. काय करावं हे बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. जमीन ग्रामपंचायतीच्या ताब्यातलं गायरान आहे की वनखात्याची, यावर तुम्ही गावाला कोणता शब्द देऊ शकता हे ठरतं. वनखात्याच्या जमिनीवर “पुढच्या वर्षी कापणी तुमची” असं तुम्ही परस्पर सांगू शकत नाही. गावात कायमची जनावरं जास्त आहेत की मेंढरांचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, येऊन-जाऊन असतात, यावर बोलायचं कुणाशी हे ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यापूर्वी संरक्षणाच्या नावाखाली त्या गावाच्या वाट्याला काय आलं आहे, हे माहीत करून घ्या. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र जवळपास 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात शेतं, वस्त्या, अख्खी गावं आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी केलं गेलं, पण मधल्या तीन दशकांत त्या पट्ट्यात पक्ष्याचं नाव आणि जमिनीची कटकट एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. तुमचं गाव त्या पट्ट्यातलं असेल तर तुम्ही “संवर्धन” म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सातबारा येतो. हे गृहीत धरूनच तोंड उघडायचं.

आता त्या झाडांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माळ रिकामा आहे ही समजूत गावाने एकट्याने तयार केलेली नाही. इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीवर सारा मिळत नाही ती पडीक, अशी नोंद होत आली. सन 2000 पासून निघणाऱ्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही माळरानांचे मोठे पट्टे त्याच रकान्यात बसतात. आपल्या राज्यात 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. शाळेतल्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी खड्डे खणले, तेही चांगल्या भावनेने. अशा माणसाला तुम्ही “माळावर झाडं नकोत” असं सांगितलंत तर तुम्ही त्याच्या चांगुलपणावरच बोट ठेवता. मी हे वाक्य कधीच वापरत नाही.

त्याऐवजी मी विचारते, “तुमच्या आजीच्या ओव्यांत कोणती झाडं यायची?” उत्तरं ठरलेली असतात. बाभूळ, बोर, हिवर, पळस. काटेरी, विरळ वाढणारी, गवताच्या मधे उभी राहणारी झाडं. मग मी सांगते की 2025 मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी नेमकं हेच केलं. तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, लोकगीतं, चरित्रं, आख्यायिका चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या पट्ट्याचं वर्णन कुठे कसं येतं ते शोधलं. 44 रानटी वनस्पतींचे उल्लेख सापडले आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. म्हणजे हा माळ काल-परवा जंगल तोडून उघडा पडलेला नाही, शेकडो वर्षं तो माळच आहे. ही गोष्ट मी कीर्तनाच्या मांडवाशेजारी बसून सांगितली आहे आणि माणसं खिळून राहिलेली पाहिली आहेत. त्यांच्याच वाङ्मयात पुरावा आहे म्हटल्यावर संशोधन परकं राहत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक उघडा डोंगर मूळचा माळ नसतो. घाटाच्या जवळ, जास्त पावसाच्या पट्ट्यात, खरोखर जंगल तुटून बोडके झालेले उतार आहेत. तुमच्या जागेवर बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी, देशी गवतं, जमिनीखाली कंद किंवा जाड मूळ धरून राहणाऱ्या छोट्या वनस्पती आणि मुरमावर उथळ माती असेल, पाऊस 500-600 मिलिमीटरच्या आसपास असेल, तर तुम्ही ठामपणे बोलू शकता. नसेल तर आधी स्वतःची खात्री करा.

मग “झाडं कधी लावणार” याचं उत्तर काय द्यायचं? मी म्हणते, लावू की, कुठलं आणि कुठे ते ठरवू. ओढ्याच्या काठाला, बांधाला, गावठाणात, शाळेच्या आवारात हवी तेवढी. माळावर मात्र हिवर, बोर, खैर ही आपसूक येतात तेवढी राखू. आणि मग त्यांना जुन्या लागवडीत घेऊन जाते. लावलेल्या ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या रांगांखाली काय उगवलंय ते बघायला सांगते. दोन खड्ड्यांमधल्या उकरलेल्या मुरमावर तरोटा आणि गाजर गवत दिसतं. शेळीसुद्धा तिथे थांबत नाही. मला काही बोलावंच लागत नाही. समतल चरांचंही, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेल्या चरांचंही, तसंच आहे. उघड्या, धुपून गेलेल्या उतारावर चर उपयोगी पडतात, मी स्वतः काढून घेतले आहेत. पण जिवंत गवताच्या माळावर चर खणला तर पाणी अडवणारी ठोंबंच आपण उपटून टाकतो. हा फरक कागदावर समजावणं अवघड आहे, जागेवर दोन मिनिटांत कळतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: सभागृह सोडा आणि माळावर चला.

पण कोणत्याही दिवशी नाही. उन्हाळ्यात माळ दाखवलात तर तुमच्या प्लॉटमध्ये आणि शेजारच्या जमिनीत कुणालाच फरक दिसणार नाही, दोन्ही पिवळे. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला, म्हणजे उत्तरा आणि हस्त, हा काळ धरा. पवना, शेडा, मारवेल असं देशी गवत तेव्हा कमरेला लागलेलं असतं, फुलोऱ्यावर असतं आणि ओळखू येतं. वेळ सकाळी सात ते नऊ. त्यानंतर माणसं शेतात जातात आणि जायलाच हवीत.

या फेरीत मी एक गोष्ट नेहमी करते. कुसळी गवताचं पिकलेलं बी घेते. ते तुम्ही पाहिलंच असेल. टोकाला तपकिरी, टोकदार दाणा, त्याला मागे वळणारे केस आणि वर बोटाएवढं लांब काळसर कुसळ, दोरीला पीळ दिल्यासारखं. ते एखाद्याच्या तळहातावर ठेवायचं आणि बाटलीतलं पाणी दोन-चार थेंब टाकायचं. काही क्षणांत कुसळाचा पीळ सुटू लागतो आणि बी हातावर गोल फिरतं. तळहाताला गुदगुल्या होतात, पोरं ओरडतात, म्हातारी माणसं वाकून बघतात. वाळलं की ते पुन्हा पीळ घेतं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत हे बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं बसवून घेतं आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मेंढपाळाला हे बी चांगलं माहीत असतं. मेंढरांच्या लोकरीत घुसतं, कातडीला टोचतं, तोंडात जखमा करतं. म्हणून तो म्हणतो, कुसळी वाईट गवत. तिथेच खरं बोलणं सुरू होतं. कुसळी फुलोऱ्यावर येण्याआधी चरली किंवा कापली तर चारा, नंतर ठेवली तर काटा. तेव्हा चराईची बंदी कधीपासून कधीपर्यंत असावी? हा प्रश्न तुमच्या प्रबंधातही आहे, फरक एवढाच की आता तो मेंढपाळाने विचारलेला असतो.

दुसरी गोष्ट मोजमापाची. तुमच्या निष्कर्षात “हेक्टरी शुष्क जैवभार”, म्हणजे वाळलेल्या गवताचं वजन, असेल. तो गावाच्या मापात आणा. माळावर एक मीटर लांब-रुंद लोखंडी जाळीचे पाच-सहा पिंजरे पावसाळ्याआधी ठोकून ठेवा, जेणेकरून आतलं गवत कुणी खाणार नाही. ऑक्टोबरात सगळ्यांसमोर आतलं गवत विळ्याने कापा, बाहेर तेवढीच चौकट टाकून तिथलंही कापा. वाळवून ताणकाट्यावर वजन करा आणि काटा गावातल्याच कुणाच्या तरी हातात द्या. समजा आत सरासरी 200 ग्रॅम भरलं. एकरात साधारण 4,047 चौरस मीटर, म्हणजे एकरी 800 किलोच्या आसपास. आता गावातल्या पेंढीचं वजन काढा. हे काम माझ्याकडून एकदा राहिलं होतं आणि सगळा हिशेब चुकला, कारण एका गावात पेंढी सव्वा किलोची बांधतात तर शेजारच्या गावात पाऊण किलोची. पेंढी 800 ग्रॅमची निघाली तर एकरी हजार पेंढ्या. त्यातलं एक तृतीयांश बियांसाठी उभं ठेवायचं. उरलेल्या पेंढ्यांचा शेकड्याचा भाव तुम्ही सांगू नका, समोरचा माणूस मनात गुणाकार करून मोकळा झालेला असतो. दुष्काळी वर्षात त्याने वैरण काय भावाने घेतली हे तो विसरलेला नसतो.

पाण्याचंही तसंच करता येतं. पत्र्याच्या नळीचे दोन तुकडे घ्या, एक गवताच्या ठोंबांमधे आणि एक उघड्या मुरमावर थोडा ठोका, दोन्हीत एक-एक लिटर पाणी ओता आणि मोबाइलवर वेळ लावा. किंवा काचेच्या दोन बरण्यांत पाणी घेऊन एकात गवताखालचं आणि एकात नांगरलेल्या रानातलं ढेकूळ सोडा. नांगरटीचं ढेकूळ लवकर विरघळतं, मुळांनी बांधलेलं टिकतं. शेतकऱ्याला मातीची भाषा आपल्यापेक्षा जास्त कळते, फक्त त्याला बघू द्यायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसले, ती सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावच्या माळावर आम्ही दोन हंगाम पाहणी केली. अहवालात मी लिहिलं, “अतिचराईमुळे बहुवर्षायू गवतांचं प्रमाण घटलं आहे.” शास्त्रीय दृष्ट्या वाक्य बरोबर होतं. अहवाल एका कार्यालयात गेला. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे नेहमीप्रमाणे त्या माळावर उतरले तर त्यांना हाकलण्यात आलं आणि कारण म्हणून आमच्या अहवालातलं ते वाक्य दाखवलं गेलं. त्या वाड्यावरच्या एका आजीने मला विचारलं, “बाई, आम्ही इथं आठ दिवस थांबतो. बाकीचे तीनशे सत्तावन दिवस कोण चारतं, ते लिहिलंस का?” मी लिहिलं नव्हतं. वर्षभर चरणारी गावचीच जनावरं होती, गायरानाचा निम्मा भाग आधीच दुसऱ्या कामांसाठी गेला होता आणि उरलेल्या निम्म्यावर सगळा भार आला होता. हे सगळं मला माहीत होतं, पण माझ्या चौकटीत बसत नव्हतं म्हणून ते अहवालात आलं नाही. फिरत्या मेंढरांच्या वाड्याला वर्षातून आठ दिवस हवे असतात, शेतकरी खतासाठी त्यांना पैसे किंवा धान्य देऊन रानात बसवतो. तेच मेंढपाळ माझ्या एका शब्दाने गुन्हेगार ठरले.

त्यानंतर मी तीन नियम पाळते. एक, जे काही छापून किंवा कार्यालयात जाणार आहे ते आधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांना मराठीत वाचून दाखवायचं आणि त्यांनी हरकत घेतली तर ती हरकत त्यांच्या नावानिशी, अर्थात त्यांची परवानगी असेल तर, अहवालात घालायची. दोन, “अतिचराई” हा शब्द एकटा कधीच लिहायचा नाही. कुणाची जनावरं, किती, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हे त्याच्याबरोबर यायलाच हवं. तीन, 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे, ही माहिती आपल्या निष्कर्षांइतक्याच ठळकपणे गावाला द्यायची. बंदीची शिफारस घेऊन जाणाऱ्या संशोधकाने हक्काची माहिती लपवली तर तो फक्त एकाच बाजूचा माणूस ठरतो.

तुमच्या सभेला मेंढपाळ आले होते का? तुम्ही लिहिलेलं नाही. बायका होत्या का? माझा अंदाज, दोन-तीन असतील, मागे. गवत कापणारी, भारा डोक्यावर घेणारी, कोणतं गवत म्हैस खाते आणि कोणतं टाकते हे जाणणारी बाई सभेत मागे आणि ज्याने दहा वर्षांत विळा हातात धरला नाही तो पुढे, असं चित्र असेल तर तुमचं संशोधन चुकीच्या कानांवर पडतंय. त्यांच्याकडे त्यांच्या वेळेला जा. दुपारी भाकरी झाल्यावर, बचत गटाच्या बैठकीला, माळावर कापणी चालू असताना. गवताचे नमुने पुढे ठेवा आणि नावं त्यांना सांगू द्या. एकाच गवताला दोन गावांत दोन नावं निघतील, दोन्ही लिहा. शास्त्रीय नावाने त्यांचं नाव दुरुस्त करू नका.

बियांच्या बाबतीत तर माझ्या कामाचा अर्धा भाग बायकांनीच पुढे नेला. आम्ही पहिल्या वर्षी देशी गवतांचं बी गोळा करून लगेच उगवण तपासली, फारच थोडं उगवलं. मी सुप्तावस्थेबद्दल बोलत बसले. एका ताईंनी सरळ मार्ग काढला. सोयाबीनचं बी तपासायला ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून गुंडाळून ठेवतात ना, तसंच गवताचं करू, पण एकदा दिवाळीला, एकदा होळीला आणि एकदा मृगाच्या तोंडावर. तीन गुंडाळ्या, तीन वेळा मोजणी. दिवाळीला शंभरातले मोजके उगवले, होळीला बरे, मृगाला सगळ्यात जास्त. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने झोप काढावी लागते, हे त्या गटाने स्वतः सिद्ध केलं आणि शेजारच्या गावातल्या गटाला मी नाही, त्यांनी सांगितलं. मी तिथे होते. माझ्या कुठल्याही स्लाइडला कधी एवढे प्रश्न आले नव्हते. तुमच्या उगवणीच्या आकड्यांचा तक्ता असेलच. तो बाजूला ठेवा आणि गोणपाटावर तोच प्रयोग पुन्हा होऊ द्या. आकडे थोडे वेगळे येतील. येऊ द्या.

आकडे वेगळे येण्यावरून एक मुद्दा. अपयश लपवू नका. तुमच्या तीन वर्षांत एखादा प्लॉट फसला असेलच, पेरलेलं बी पहिल्या जोरदार पावसात वाहून गेलं असेल, किंवा पाऊस लांबला आणि रोपं जळाली असतील. ते आधी सांगा. शेतकऱ्याला दुबार पेरणी माहीत आहे, “या वर्षी नाही साधलं” हे त्याला समजतं. सगळं शंभर टक्के यशस्वी झालं म्हणणाऱ्या माणसावर मात्र त्याचा विश्वास बसत नाही, कारण असं सांगत येणारे बियाणं-खतवाले त्याने पाहिलेले असतात. आलेखाखाली महिने टाकण्याऐवजी नक्षत्रं टाका. “आर्द्रा कोरड्या गेल्या म्हणून इथे रेघ खाली आली” असं म्हटलं की साठीच्या वरचा प्रत्येक माणूस तो आलेख वाचू शकतो. आणि तीन वर्षांचे आकडे तीन वर्षांचेच आहेत, हेही सांगा. नांगरून सोडलेल्या माळावर मूळची बहुवर्षायू गवतं परत यायला फार काळ लागतो. दोन पावसांत माळ पूर्ववत होईल अशी आशा लावलीत तर चौथ्या वर्षी तुम्हाला गावात तोंड दाखवता येणार नाही.

काही गोष्टी मात्र सांगायच्या नसतात. लांडग्याची घळ कुठे आहे, तणमोर पक्षी कुठे दिसला, धाविक पक्ष्याने अंडी कोणत्या पट्ट्यात घातली आहेत, हे जाहीर बैठकीत किंवा गावच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नका. फोटो टाकताना त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाका. शिकाऱ्याची भीती आहेच, पण आता कॅमेरे घेऊन गाड्या थेट माळात घालणाऱ्यांचीही आहे. लांडग्याबद्दल बोलताना आधी मेंढपाळाचं नुकसान ऐकून घ्या. कोकरू गेलं तर भरपाईसाठी अर्ज कुठे द्यायचा, पंचनामा कोण करतो, ही माहिती तोंडपाठ ठेवून जा. ती नसेल तर लांडग्याच्या पर्यावरणातल्या भूमिकेवर एक अक्षर बोलू नका. कुत्र्यांचाही विषय निघेल. नान्नजच्या खोकडांवर, म्हणजे माळावरच्या कोल्ह्यांवर, संशोधक अबी वनक यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं की मोकाट कुत्र्यांचा वावर असतो तिथे खोकड जायचं टाळतात आणि कुत्र्यांकडून रोग जाण्याचा धोकाही असतो. हे नुसतं सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि घरी जातात. पोल्ट्रीवाल्यांशी मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकण्याबद्दल बोलणं आणि पशुवैद्यकांना घेऊन लसीकरणाचं शिबिर लावणं, हे त्याच दिवशी जमवता आलं तर बोला.

बाकी औपचारिक बाजू झटपट सांगते. ग्रामसभेत विषय मांडायचा असेल तर आयत्या वेळी उठून बोलू नका, आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) भेटून विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, नाहीतर ठराव होईलच असं नाही. जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदींची वही, काढून बघा, त्यात माळाच्या गवतांची पानं बहुधा कोरी असतील. तुमची यादी, गावाने दिलेल्या नावांसह, तिथे घाला. संशोधन गावात राहण्याचा तो सगळ्यात टिकाऊ मार्ग आहे, तुमची शिष्यवृत्ती संपली तरी ती वही ग्रामपंचायतीत राहते. वनरक्षकाला प्रत्येक फेरीला बोलवा. शाळेत जा, पण फक्त शाळेत जाऊन समाधान मानू नका. पोरं उत्साहाने ऐकतात म्हणून आपल्याला गावापर्यंत पोचल्यासारखं वाटतं, चराईचा निर्णय मात्र त्यांच्या हातात नसतो. अधिकाऱ्यांकडे जाताना एक आधार हाताशी ठेवा: 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. पडीक जमिनीवर एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याला हे दाखवता येतं.

तुमच्या जागी मी असते तर आत्ता लगेच दुसरी सभा घेतली नसती. आधी त्या झाडांबद्दल विचारणाऱ्या गृहस्थांच्या घरी गेले असते. ज्याने शेवटपर्यंत बसून प्रश्न विचारला, तोच तुमचा पहिला सोबती आहे. त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी त्या माळावर काय होतं, कुठपर्यंत गवत असायचं, कापणीची वाटणी कशी व्हायची, ती पद्धत कधी मोडली. बऱ्याच गावांत गवताची राखण करायला एक माणूस असायचा आणि दसऱ्यानंतर घरटी एक विळा, म्हणजे एका घरातून एकच कापणारा, सोडत असत. तसं तुमच्याकडेही असेल तर तुम्ही जे पुन्हा उभं करू पाहताय त्याची घडी गावाला आधीच ठाऊक आहे. मग त्यांनाच म्हणा, हस्ताचा पाऊस उघडला की एक सकाळ माळावर याल का, येताना आणखी चौघांना आणाल का, आणि ताणकाटा तुम्हीच धराल का.

ते आले की प्रोजेक्टर गाडीतच ठेवा.